तिसऱ्या जागेचे पत्ते

शिवांजली : थांब. पानं उलटी करू नकोस अजून. आधी मी सांगते तुझ्या हातात काय आहे, मग दाखव.

वीरधवल : सांग की. मधी पाच पानं उघडी हाईत, दोन माझ्या हातात झाकलेली. त्या दोन पानांचं तुला काय कळणार? वाकून बघितलं असशील तर आधीच बोल, अक्का.

शिवांजली : वाकायची गरज नाही. पानं वाटल्या वाटल्या तू सहा चिंचोके टाकलेस. फुटकळ पानांवर तू दोनच्या वर जात नाहीस, लहानपणापासून. म्हणजे दुर्री, तिर्री, पंजी सगळी खोडली. राहिले एक्के, राजे आणि मोठ्या जोड्या.

वीरधवल : बरं. फुडं?

शिवांजली : मग मधली तीन पानं उघडली. बदामाची राणी, किलवरची नव्वी, बदामाची चौकी. तू आठ टाकलेस, पण त्याआधी स्वतःच्या पानांचा कोपरा उचलून परत एकदा बघितलंस. ज्याच्या हातात जोडी असते तो परत बघत नाही, त्याला ती पाठ असते. परत बघतो तो बदाम मोजायला. जोड्याही खोडल्या.

वीरधवल : लय शानी हायस.

शिवांजली : चौथं पान इस्पिकची दुर्री. कुणाच्याच कामाचं नाही, तरी तू दहा टाकलेस. पाचवं चौकटची सत्ती, तेही फालतू. आणि त्यावर तू सगळा ढीग पुढं सारलास. पानं चांगली असती तर थोडे थोडे टाकले असतेस, मी घाबरून पळू नये म्हणून. सगळा ढीग तोच सारतो ज्याला समोरच्यानं उठून जावं असं वाटतं. तुझ्याकडं बदामाचा एक्का आहे आणि त्याच्या जोडीला आणखी एक बदाम. पाच बदाम होतील म्हणून बसलास, पाचवा आलाच नाही. तुझा हात रिकामा आहे, वीरू. माझी नव्वीची जोडी आहे, साधी नव्वीची. उलट आता.

वीरधवल : घे. एक्का आन गुलाम, दोन्ही बदाम. आबांची खरी चेली तूच. घे चिंचोके आन वाट परत.

शिवांजली : नाही वाटत.

वीरधवल : का गं? आबा हुते तवा पंचमीच्या दुपारी जेवून बसलो की दिवेलागणीपतोर उठत नव्हतो आपण.

शिवांजली : आबा काय सांगायचे, आठवतं तुला?

वीरधवल : न आठवायला काय झालं! मेसमधी ट्रे धरून बावीस वर्सं सायेब लोकांच्या मागं हुबं ऱ्हायलं. येकदाबी टेबलावर बसलं न्हाईत, पर कुठल्या मेजरच्या हातात काय हाय ते पानं न बघता सांगायचं. "थोबाड वाचू नका, थोबाड कुनालाबी खोटं करता येतंय. आधी सगळी पानं धरा. मग त्याच्या येकेका चालीला जी बसत न्हाईत ती खोडत जावा. शेवटाला जे उरतंय तेच त्याच्या हातात." पाठ हाय मला.

शिवांजली : पाठ आहे ना? मग आता तसंच वाचते. हातातली पानं नाही, घरातली.

वीरधवल : म्हंजे?

आई : शिवा, दोन दिंडं ऱ्हायल्यात. तूप घालून देऊ का?

शिवांजली : नको आई. पहिली चाल. लग्नाला अकरा वर्षं झाली. आबा अंथरुणाला खिळेपर्यंत दर पंचमीला मला न्यायला तेच यायचे, एसटीनं, हातात पिशवी घेऊन. तू एकदाही आला नाहीस. यंदा आखाड संपायच्या आधी तुझे चार फोन. वरनं शिरवळला गाडी घेऊन तू स्वतः. कंपनीच्या गेटवर उभा राहिलास. मी मनात म्हटलं, आबा गेले म्हणून भावाला माया आली. ते पान मी हातात धरून ठेवलं.

वीरधवल : मग न्यायला आलो ह्यात काय वंगाळ केलं?

शिवांजली : दुसरी चाल. साडी. इरकल, काठाची. तुला माझा आवडता रंग माहीत नाही हे मला माहीत आहे, आणि ही बरोबर जांभळी. म्हणजे कुणाला तरी विचारून, वेळ काढून घेतलीस. तिसरी चाल. आधार कार्डाचा फोटो पाठव म्हणालास, रेशनचं काहीतरी आहे म्हणून. माझं नाव या घरच्या रेशन कार्डावर अकरा वर्षं नाही. चौथी. "येताना दोन फोटो आण, पासपोर्ट साईजचे." आणि पाचवी काल. भावाचा उपास धरून दिवसभर पाण्यावर होते मी. संध्याकाळी तू म्हणालास, "अक्का, परवा जाताना शिराळ्यात धा मिंटं थांबू. कचेरीत जरा काम हाय."

वीरधवल : अक्का...

शिवांजली : मी एकेक पान खोडत गेले, वीरू. माया खोडली. आबांची आठवण खोडली. रेशन खोडलं. एकच पान उरलं. हक्कसोड. कचेरीबाहेर दस्त लिहिणाऱ्या नानासोकडनं लिहून आणलंय, आणि आबांच्या ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलंय.

वीरधवल : तू ट्रंक उघडलीस?

शिवांजली : नाही उघडली. आता तूच सांगितलंस. बोल की. तुझ्यासाठी मी काल उपाशी राहिले! नागाला दूध-लाह्या वाहताना सकाळी तुझं नाव घेतलं. आणि तू माझा अंगठा उठवायला गाडी घेऊन आलास? लाज नाही वाटली?

वीरधवल : न्हाई वाटली! व्हय, हक्कसोडच हाय. मग? गावात कुठल्या भैनीनं सही केली न्हाई? क्रांतीआत्यानं केली. सुलाबाईच्या तिन्ही लेकींनी केली, आन साडी नेसून हसत घरला गेल्या. तूच तेवढी आभाळातनं पडलीस काय?

शिवांजली : त्यांना आधी विचारलं होतं. मला दहा मिनिटं थांबवणार होतास.

वीरधवल : इचारलं असतं तर दिली असतीस?

शिवांजली : विचारून तर बघायचं!

वीरधवल : मला आबांचं गू-मूत काढताना तू इचारलंस का? आबांना लकवा मारला तवापासनं चौदा म्हैनं. चौदा! ह्या हातांनी कुशीवर वळवत हुतो त्यास्नी, दोन-दोन तासाला. पाठीला जखम हू दिली न्हाई. तू यायचीस रविवारी, सफरचंदं घेऊन. आबांना चावता येत नव्हतं, आन तू सफरचंदं आनायचीस!

शिवांजली : मला आठवड्यात एकच सुट्टी होती.

वीरधवल : मला ती बी नव्हती. मी मोजून दाखवलं न्हाई कवा. पर जमिनीचा विषय निगाला की तू शिकलेली, तुला कायदा ठावं. आन मी कोन? घरात बसलेला गडी?

शिवांजली : तू केलंस. सगळं केलंस, मी नाही म्हणत नाही. त्याची किंमत माझ्याकडनं फसवून घ्यायची का पण? तोंडावर मागितलं असतंस तर निदान भांडले असते. भांडायचासुद्धा हक्क सोडवून घेणार होतास!

आई : आरं, हळू बोला. आजच्या दिशी...

वीरधवल : आई, तू मधी पडू नको. च्या टाक जा. अक्का, आता माझी पाळी. तुझी पानं वाचून झाली न्हाईत अजून.

शिवांजली : माझी कसली पानं?

वीरधवल : मीबी आबांचाच पोरगा हाय. चिंचोक्यात हरतो, पर डोळं हाईत मला. पयली चाल. दर साली तू येकच रात ऱ्हातीस. यंदा दोन पिशव्या आनल्यास, त्यातली येक मला उचलू दिली न्हाईस. दुसरी. आधी सूरजदाजींचा फोन दिसातनं चारदा यायचा. जेवलीस का, कवा येतीस, कुनाशी बोलतीस. तीन दिस झालं, येकदाबी वाजला न्हाई. तिसरी. घरला न्यायला येतो म्हनलं तर तू मला कंपनीच्या गेटवर बोलावलंस. घरी का न्हाई? आन चौथी. काल आईला इचारत हुतीस, शिराळ्यासनं इस्लामपूरला सकाळची पयली गाडी किती वाजता. पंचमीला आलेल्या भैनीला पयल्या गाडीचं काय पडलंय? नोकरी बघतीस तू हिकडं.

शिवांजली : बास.

वीरधवल : न्हाई बास. मीबी येकेक पान खोडलं. तू सूरजदाजींचं घर सोडलंयस. पाव्हणी म्हनून न्हाई आलीस तू, ऱ्हायला आलीस. आन ऱ्हायाचं कुठं? तर हिरीजवळचं वीस गुंठं. तेच पान ना तुझ्या हातात?

शिवांजली : हो. तेच.

वीरधवल : बगा! आन मला म्हनती लाज न्हाई वाटली!

शिवांजली : आबांनी मला शब्द दिला होता. विहिरीजवळचे वीस गुंठे शिवाचे. आईसमोर दिला होता.

वीरधवल : आन मला म्हनलं, "वीरू, सगळं तुलाच बघायचं हाय." ते बी आईसमोरच.

शिवांजली : बघायचं म्हणाले, घ्यायचं नाही म्हणाले!

वीरधवल : शब्द फिरवू नको. आधी ह्ये सांग, घर कवा सोडलंस?

शिवांजली : चैत्रात. एकदा हात उचलला त्यानं, शेजाऱ्यांच्या देखत. भाजीत मीठ कमी होतं की जास्त होतं ते आता मला आठवतही नाही. मी दुसऱ्या वेळेची वाट बघितली नाही. कंपनीतल्या दोघी जणींबरोबर खोली घेतली. तिघींत एक नळ, एक खिडकी. चार महिने झाले.

वीरधवल : चार म्हैनं! आन मला कळवलं न्हाईस?

शिवांजली : काय कळवायचं? तू म्हणाला असतास, "जा माघारी, नांदायचं असतं, संसारात हुतंयच असं." सगळे भाऊ तेच म्हणतात.

वीरधवल : मी म्हनलो का? सांग, ह्या तोंडानं म्हनलो का मी? तू माझ्या हातात ते पान न इचारता ठेवलंस! मी चैत्रात गाडी काढून शिरवळला आलो असतो. त्या सूरज्याला घरातनं भायेर वढला असता!

शिवांजली : आलास की. आखाडात. आधार कार्ड मागत.

वीरधवल : सांगनारच नव्हतो, पर आता आईकच. ज्येष्ठात तुझ्या नवऱ्याचा फोन आला मला. राम राम न्हाई, काय न्हाई. सरळ म्हनला, "सासरे गेले, आता शिवांजलीचा हिस्सा किती निघतो ते कळवा. मला त्याच्यात पोल्ट्री टाकायचीय." तू त्याचं घर सोडलंस ह्ये बी सांगितलं न्हाई त्यानं. म्या काय करायचं हुतं? तुझं नाव सातबाऱ्यावर ऱ्हायलं की उद्या त्यो हिरीवर येऊन बसनार. म्हनून कागद केला. तुझं नाव काढलं की त्याचा पाय निगाला!

शिवांजली : खरं बोलतोयस?

वीरधवल : आबांची आन घेऊन सांगतो.

शिवांजली : मग हे मला गाडीत का नाही सांगितलंस? तीन तास बसलो होतो शेजारी शेजारी!

वीरधवल : तुझा संसार मोडायचं खापर माझ्या डोक्यावर यायला नको म्हनून! मला काय ठावं तू आधीच मोडून आलीस?

शिवांजली : म्हणजे मी चुकले. पान बरोबर ओळखलं आणि ते तू का धरलंस ते ओळखण्यात चुकले.

वीरधवल : चुकलीसच. तुला माझ्या हातात वंगाळच दिसतंय. म्हनून चांगलं हुतं त्येवढंच पान पयल्यांदा खोडलंस.

(स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आईनं हातातलं चहाचं ताट जोरात खाली आदळलं.)

आई : लबाड.

वीरधवल : कोन?

आई : तू. फोन आल्याला खरा. स्पीकरवर हुता, मी चुलीम्होरं हुते, आईकला. दावणीच्या बैलाचा दर इचारावा तसा तुझा हिस्सा इचारत हुता, बाई. पर शिवा, त्यो फोन ज्येष्ठात आला. आन ह्यानं नानासोकडनं कागद लिवून आनला वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिशी. म्हैना आधी. मग त्यो फोन आल्यावर ह्याला गावलं निमित्त.

वीरधवल : आई!

आई : आई काय? खरं पान दाखवून खोटा डाव खेळू नको म्हनायचं तुझा बाप. तू त्याच्या नावानं आन घेतलीस, म्हनून बोलले. न्हाईतर बोलनार नव्हते.

शिवांजली : बघ. बघ वीरू!

आई : आन तू कशाला एवढी फुगतीस? तुझा बी डाव बघितलाय. तीन दिस माझ्या उशाशी निजतीस, पाय दाबतीस, आन मारलं म्हनून सांगत न्हाईस. आईला न सांगता हिरीजवळच्या जमिनीत पावलं टाकून आलीस काल. किती पावलं भरली?

शिवांजली : ...तू बघितलंस?

आई : मला समदं दिसतंय. दिसत न्हाई ती मी. सकाळपासनं तुमी दोघं मला दिंडं वाढ, च्या टाक करताय आन माझ्याम्होरं जमीन वाटून घेताय. ह्येचं हे, तिचं ते. माझं कोन? आजच्या दिशी भाजी चिरायची न्हाई, जमीन उकरायची न्हाई, तवा ठिवायचा न्हाई. येवढं समदं पाळताय. आन घर कापायला बसलाय? मी काय तुमच्या मेसमधला ट्रे हाय व्हय?

वीरधवल : तसं न्हाई आई. तुझं काय येगळं असतंय का? तू आपलीच हायस.

आई : आपली म्हंजे कुनाची रं?

वीरधवल : आगं... म्हंजे आपली सगळ्यांची.

आई : ह्यांचं तेरावं झाल्याच्या दुसऱ्या हप्त्यात मी तलाठ्याकडं गेले. येकटी. तुला सांगितलं, मनुबाईकडं हळद कांडायला चालले. त्याला म्हनलं, बाळ, मला आमचा सातबारा वाचून दाखीव. त्यानं वाचलं. तीन नावं. अंबूबाई नाथाजी. वीरधवल नाथाजी. शिवांजली सूरज. परत वाच म्हनलं. परत वाचलं. तीन. आन पयलं नाव माझं हाय. तुमी दोघंबी येवढी पानं वाचता. ह्येचं खोडलं, तिचं खोडलं. तिसरा हात कुनी मोजला न्हाई. ह्या मुलखात सगळ्यांचीच ती चूक हुती. भैनीनं सोडायचं, भावानं घ्यायचं आन आईनं अंगठा लावायचा. आईला कोन इचारतंय!

वीरधवल : मी तुझ्याकडनं काय काढून घेनार हुतो व्हय? कागदात तुझं नाव नुसतं... नानासो म्हनला, आईचा अंगठा लागतो म्हनून लिवलं.

आई : परवा सकाळी तू माझा चष्मा पुसून दिलास. आपल्या शर्टानं. चार वर्सं मी त्या धुरकट काचेतनं बघतीय, कवा हात लावला न्हाईस त्येला. तवाच कळलं मला, ह्यो मला कुठंतरी काळ्या शाईत अंगठा बुडवायला नेनार हाय. आन त्या कागदावर तू अंगठ्याला जागा सोडलीयास. चौकोन आखलाय. मी बघितला. मला सही येती ह्ये तुला ठावं न्हाई.

शिवांजली : तुला सही येते?

आई : तुझ्या आबांनी शिकवली. उजवा हात गेल्याला त्यांचा. ह्यो उसाला पानी धराय गेला की ते डाव्या हातानं पाटीवर गिरवायचे, आन मी त्यावरनं. अं... बू... म्हैना लागला येका नावाला. ते हसायचे. तोंड वाकडं झाल्यालं, पर हसायचे. सही आली मंग पत्ते शिकवले. म्हनले, अंबू, येवढी वर्सं तू च्याच देत हुबी ऱ्हायलीस, बस आता टेबलावर.

वीरधवल : आबा तुझ्यासंगं खेळायचे? मला कसं दिसलं न्हाई कवा?

आई : तू दाराशी आलास की मी पत्ते उशाखाली सारायची.

शिवांजली : आई, मग आबांचा शब्द? मला वीस गुंठे म्हणाले ते खरं की ह्याला सगळं म्हणाले ते खरं?

आई : दोन्ही खरं. आन दोन्ही खोटं. तुला म्हनले, तुला बरं वाटावं म्हनून. ह्याला म्हनले, ह्यानं अंग धुवून घालावं म्हनून. शेवटाला मला म्हनले, "अंबू, मी दोघास्नी थाप मारलीया. तू निस्तर." आन गेले. दुसऱ्याची पानं वाचनारा मानूस, आपली मात्र माझ्या पदरात टाकून गेला. मला का राग न्हाई? मला बी लय राग हाय. पर कुनावर काढू? फोटूवर?

वीरधवल : मग आता तू म्हनशील तसं. फाडू का त्यो कागद?

आई : आज काय फाडायचं न्हाई, पंचमी हाय. उद्या सकाळी फाड. माझ्याम्होरं.

वीरधवल : आन जमीन?

आई : तीन नावं हाईत, तीन ऱ्हातील. ऊस तू कर, तुझ्यासारखा कुनाला येत न्हाई. चौदा म्हैनं माझ्या मालकाला तू जपलंस, त्ये मी मेले तरी इसरनार न्हाई, पर त्येचं मोल भैनीच्या वाट्यातनं वळतं करू नको. हिरीजवळ खोली हुईल. माझ्या हिश्श्यात. माझ्या नावावर. कुनी हिस्सा इचारत आला तर त्येला सांगायचं, अंबूबाईला भेट.

शिवांजली : तुझ्या खोलीत मी पाहुणीच की, आई. सासरी पाहुणी, खोलीत भाडोत्री, इथं आल्यावर पाहुणी. मला कुणाच्या मेहेरबानीवर राहायचं नाही. तुझ्यासुद्धा.

आई : मेहेरबानी कोन करतंय? माझ्या हिश्श्याच्या बांधाला लागूनच तुझा हिस्सा काढायला लावीन मोजनीवाल्याला. नोकरी लागली की तुझं तू बांध. तवर माझ्या खोलीत भांड माझ्याशी. पर तोंडावर भांड. ह्या घरात सगळी पाठीमागनं प्रेम करत्यात आन पाठीमागनंच फसवत्यात.

वीरधवल : अक्का.

शिवांजली : काय?

वीरधवल : साडीचा रंग मी आईलाच इचारला हुता.

शिवांजली : मग?

वीरधवल : काय न्हाई. कागद न्हाई केला असता तरी घेतली असती. ऱ्हाऊ दे, तुला न्हाई पटायचं.

शिवांजली : नाही पटत. आज तरी नाही. पण ते पान खोडतही नाही. राहू दे हातात.

वीरधवल : आन त्या सूरज्याचा नंबर दे मला.

शिवांजली : माझं मी बघते.

वीरधवल : बघ. मी नुसता मागं हुबा ऱ्हातो. तेवढं तरी करू दे.

आई : झालं? मग सरका दोघंबी. मला बसू द्या. गुडघा मोडत न्हाई, ती उशी दे हिकडं.

शिवांजली : आई, खरंच खेळणार तू?

आई : च्या तिथं ताटात हाय. ज्येला प्यायचा त्येनं उठून घ्यावा. वीरू, चिंचोके सारखे कर. आन वाट पत्ते. तीन जागी.

वीरधवल : वाटतो. आई, पर आधी सांग, शिवाअक्कानं घर सोडलंय ह्ये तुला कवा कळलं? माझ्या आधी?

आई : पयल्याच दिशी. तुला तिनं ती पिशवी उचलू दिली न्हाई, मी उचलली. वजनावरनं वळखलं.

शिवांजली : काय ओळखलंस?

आई : पंचमीला म्हायेराला येताना कुकर कोन आनतंय, बाई? काढ त्यो भायेर आन मांडनीवर ठेव. माझ्या कुकरची शिट्टी कवाच गेलीय.